मिठाच्या पाण्यात वाढवलेल्या भात-गव्हातलं प्रोलीन कसं मोजायचं आणि आलेला आकडा कसा वाचायचा

माझं आजोळ पेणकडच्या खारेपाटातलं आणि मी राहते मुलुंडला, म्हणजे तिकडे खारी शेती आणि इकडे हायवेपलीकडे मिठागरं. लहानपणी उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडून खाडीचं पाणी मामाच्या भातात शिरलेलं मी बघितलंय, चार दिवसांत पात्यांची टोकं पांढरी पडून गुंडाळायला लागतात, आणि मामी बांधावर बसून काही न बोलता बघत राहते. पुढे एमएस्सीला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा हाच विषय घेतला, आणि आता दर पावसाळ्यात कोणी ना कोणी मुलं मला विचारतात की ताई, मिठाचा ताण आणि अमिनो ॲसिड यावर प्रोजेक्ट करायचाय, नेमकं काय काय करू. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. एक गोष्ट आत्ताच सांगते कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते: मिठात प्रोलीन (हेही एक अमिनो ॲसिडच) वाढलं म्हणजे तो वाण मिठाला टिकणारा, असा निष्कर्ष थेट काढू नका. का ते येईलच पुढे.

आधी रोपाच्या आत काय चालतं ते समजून घ्या, नाहीतर काय मोजतोय तेच कळत नाही. मुळाशी मीठ वाढलं की दोन त्रास होतात. पहिला लगेच होतो, पाणी समोर असूनही मुळाला ते ओढून घेणं जड जातं, दुष्काळासारखंच, पानाची वाढ मंदावते, रंध्रं मिटायला लागतात. दुसरा सावकाश येतो, सोडियम आणि क्लोराइड पानात साठत जातात आणि जुनी पानं आधी मरतात. पाणी धरून ठेवायला पेशीला आत असं काहीतरी विरघळलेलं लागतं जे एंझाइमना त्रास देणार नाही, आणि प्रोलीन त्यासाठी फारच सोयीचं, १०० मिली पाण्यात दीडशे ग्रॅमच्या वर विरघळतं. ते मुख्यतः ग्लुटामेटपासून बनतं, पी५सीएस नावाचा एंझाइम पहिलं पाऊल टाकतो आणि मिठात त्याचं जीन जोरात चालू होतं, दुसरं पाऊल पी५सीआर टाकतो. एक रेणू प्रोलीनला एक एटीपी आणि दोन एनएडीपीएच (पेशीची ऊर्जेची नाणीच म्हणा) खर्च होतात, म्हणजे रोप हे फुकटात करत नाही. त्याच वेळी मायटोकॉन्ड्रियात प्रोलीन मोडणारा प्रोलीन डीहायड्रोजिनेज हा एंझाइम दाबला जातो. बनवणं वाढलं, मोडणं थांबलं, म्हणून साठा वाढतो.

पण गोष्ट एकट्या प्रोलीनची नाही, आणि प्रोजेक्टात बहुतेक जण इथेच थांबतात याचं मला वाईट वाटतं. क्लोराइड जास्त झालं की नायट्रेट आत यायला अडथळा होतो, नायट्रेट वापरात आणणाऱ्या नायट्रेट रिडक्टेज या एंझाइमचं काम उतरतं, म्हणजे बाहेरून येणारा नायट्रोजन कमी. वाढ थांबल्यामुळे नवीन प्रोटीन कमी बनतं आणि जुन्या पानातलं प्रोटीन तुटायला लागतं, त्यातून ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन हे सुटे होऊन वाढलेले दिसतात. तुटण्यातून जो अमोनिया सुटतो तो तसाच राहिला तर विषारी, म्हणून रोप तो ग्लुटामिन आणि ॲस्परजिनमध्ये बांधून ठेवतं, ॲस्परजिनमध्ये कार्बनच्या मानाने नायट्रोजन जास्त बसतो म्हणून साठवायला परवडतं. ग्लुटामेटचा एक वाटा गाबाकडे जातो, गाबा म्हणजे ग्लुटामेटपासूनच बनणारं आणखी एक अमिनो ॲसिड. गव्हात तर असं दिसलंय की मिठामुळे मायटोकॉन्ड्रियातले काही मुख्य एंझाइम मंदावतात आणि मग गाबाच्या आडवाटेने श्वसनाची गाडी चालू ठेवली जाते, म्हणजे लोकल बंद पडल्यावर आपण बस बदलत बदलत घरी पोचतो तसंच. आणि गहू-जव यांच्याकडे आणखी एक हत्यार आहे, ग्लायसिन बीटेन, जे ते कोलिनपासून बनवतात, भाताला ते साठवता येत नाही. त्यामुळे गव्हाचा आणि भाताचा प्रोलीनचा आकडा शेजारी ठेवून कोण जास्त सहनशील असं म्हणणं मुळातच चुकीचं. तुलना करायची तर एकाच पिकाच्या दोन वाणांची करा.

आता कामाला लागू. बियाणं. वाण्याकडचा तांदूळ उगवत नाही, गिरणीत टरफलाबरोबर कोंबही निघून जातो, त्यामुळे साळच मिळवायला लागते. आपल्याकडे सोय अशी की पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि तिथून आलेले पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खाऱ्या जमिनीचे वाण आहेत, जुन्यांमध्ये काळा राता, भुरा राता. यातला एक घ्या आणि त्याच्या जोडीला गोड्या जमिनीत लावतात असा एखादा नेहमीचा वाण घ्या. गहू करायचा असेल तर बियाण्याचाच घ्या, पिठासाठी आणलेला गहू उगवतो खरा पण तो एकाच वाणाचा आहे का हे कोणी सांगू शकत नाही.

बी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटं, मग पाण्याने पाच-सहा वेळा धुवायचं. हे टाळू नका, मुंबईच्या ऑगस्टच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते आणि बुरशी धरलेल्या रोपात अमिनो ॲसिडचे आकडे कशाचे आले तेच कळत नाही. भात २४ तास भिजवा, मग ओल्या कपड्यात दीड-दोन दिवस, मोड आले की डब्यावर. डबे म्हणजे श्रीखंडाचे किलोवाले डबे उत्तम, बाहेरून काळा कागद गुंडाळा म्हणजे आत शेवाळ होत नाही, झाकणाला भोकं पाडून खाली मच्छरदाणीची जाळी लावली की रोपं त्यावर बसतात. पाण्यात अर्ध्या ताकदीचं होगलंड द्रावण (रोपाला लागणारी सगळी खतं असलेलं ठरलेलं मिश्रण), भाताला योशिदा नावाचं तसलंच द्रावण जास्त मानवतं, पीएच साधारण ५ ते ५.५ ठेवा. द्रावण डिस्टिल्ड पाण्यात बनवा. दर तीन-चार दिवसांनी बदला.

एक डबा म्हणजे एक रेप्लिकेट, म्हणजे प्रयोगाची एक स्वतंत्र आवृत्ती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एका डब्यात वीस रोपं आहेत म्हणून वीस रेप्लिकेट झाले असं होत नाही, ती सगळी एकाच पाण्यात उभी आहेत. प्रत्येक पातळीला कमीत कमी चार डबे लावा आणि आठवड्यातून दोनदा जागा बदला, खिडकीजवळच्या डब्याला ऊन जास्त आणि भिंतीजवळच्याला कमी, असं आपल्या घरांत होतंच.

मिठाचं गणित सोपं आहे. सोडियम क्लोराइड ५८.४४, म्हणजे १०० मिलिमोलर करायला लिटरला ५.८४ ग्रॅम. घरचं आयोडीनवालं मीठ घेऊ नका, त्यात गुठळ्या न होण्यासाठी बाकीचं काय काय असतं, प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला लॅब केमिकलची दुकानं आहेत तिथून शुद्ध सोडियम क्लोराइड आणा, महाग नाही. चौपाटीचं पाणी पातळ करून वापरू का असं एकाने विचारलं होतं, कल्पना चांगली आहे पण त्या पाण्यात सांडपाणीही असतं. अंदाज यावा म्हणून सांगते, समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तुमचं १०० मिलिमोलर त्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. भाताला ०, ५० आणि १०० पुरे, गव्हाला ०, १०० आणि १५०, जवाला २०० पर्यंत जाता येतं. कारण शेतात मातीची ईसी (विद्युतवाहकता, खार जास्त तितकी ती जास्त) भाताला ३ च्या पुढे गेली की उत्पन्न घसरायला लागतं, गव्हाला ६ आणि जवाला ८, सगळं डेसीसीमेन प्रति मीटरमध्ये.

मीठ एकदम टाकू नका. रोपं दोन आठवड्यांची झाली की रोज २५ मिलिमोलर असं वाढवत न्या. एकदम १०० टाकलं तर रोपाला आधी धक्का बसतो आणि तुम्ही मोजता तो धक्का, मिठाशी जुळवून घेणं नाही. कॅल्शियमवरही लक्ष ठेवा, मीठ वाढतं तसं थोडं कॅल्शियम क्लोराइड वाढवलं नाही तर सोडियम मुळातून जास्त शिरतो आणि ताण खोटा मोठा दिसतो. आणि डब्यातलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या पहिल्या वेळी मी पाणी खाली गेलं की तेच मिठाचं द्रावण वरून ओतायचे, दहा दिवसांनी ईसी मीटर मागून आणून बघितला तर ठरवलेल्यापेक्षा कितीतरी वर, आणि सगळी रोपं पिवळी पडलेली, महिन्याचं काम गेलं. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड पाण्याची, आणि मीटरवर रोज बघायचं, १०० मिलिमोलर मिठाचं द्रावण साधारण १० डेसीसीमेन दाखवतं, खताच्या द्रावणाचा त्यात थोडा भर.

पानं काढायची ती रोज एकाच वेळी. ग्लुटामेट, ग्लुटामिन, ॲस्परजिन आणि प्रोलीन हे सगळे उजेड-अंधाराप्रमाणे वरखाली होतात, सकाळी ११ ला कंट्रोल, म्हणजे बिनमिठाची रोपं, आणि संध्याकाळी ५ ला मिठाची रोपं असं केलं तर तुम्ही सूर्य मोजलात. पानही तेच, म्हणजे सगळ्या रोपांचं तिसरं, आणि जमलं तर सगळ्यात जुनं पान वेगळं ठेवा, कारण बऱ्याच धान्यपिकांत सोडियम जुन्या पानात ढकलला जातो आणि कोवळं पान वाचवलं जातं, दोन्ही एकत्र वाटलं तर ही गोष्टच पुसली जाते. कापलं की लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, नसेल तर बर्फावर ठेवून थेट डीप फ्रीझरला. ट्रेनने घेऊन जायचं असेल तर थर्मास आणि भरपूर बर्फ, आणि गर्दीची वेळ टाळा.

प्रोलीन मोजायची पद्धत १९७३ सालची, बेट्स यांची, अजूनही सगळीकडे तीच चालते. हे काम घरी करायचं नाही, टोल्यूइन आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आहे, फ्यूम हूड, ग्लोव्हज, गॉगल लागतातच. निनहायड्रिन, म्हणजे ज्याच्यामुळे प्रोलीनचा रंग येतो ते रसायन, त्वचेवरच्या अमिनो ॲसिडशीही लागतं, बोटं दोन-तीन दिवस जांभळी राहतात. आधी रिएजंट, १.२५ ग्रॅम निनहायड्रिन, ३० मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि २० मिली ६ मोलर फॉस्फोरिक ॲसिड, हलकं गरम करून विरघळवा, फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी नवीन करा. अर्धा ग्रॅम पान खलबत्त्यात १० मिली ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक ॲसिडबरोबर वाटा, यात प्रोटीन साक्यासारखं खाली बसतं, मग गाळा. या गाळलेल्यातले २ मिली, रिएजंट २ मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड २ मिली, उकळत्या पाण्यात एक तास, मग लगेच बर्फात. त्यात ४ मिली टोल्यूइन टाकून १५-२० सेकंद जोरात हलवा आणि शांत उभं राहू द्या. थोड्या वेळाने वर एक थर वेगळा होतो, कंट्रोलमध्ये जेमतेम गुलाबी आणि मिठाच्या रोपात डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा नळी उजेडाला धरून कितीतरी वेळ बघतच बसले होते. इतर बहुतेक अमिनो ॲसिड निनहायड्रिनबरोबर जांभळा रंग देतात, प्रोलीनची रचना वेगळी असल्यामुळे आम्लात त्याचा असा लाल येतो, म्हणून ते वेगळं ओळखता येतं.

वरचा थर ५२० नॅनोमीटरला वाचा, ब्लँक टोल्यूइनचा. क्युव्हेट काचेचीच हवी. आमच्या वेळी लॅबमध्ये फक्त साध्या प्लॅस्टिकच्या क्युव्हेट होत्या, कोणी काही सांगितलं नाही, टोल्यूइन टाकलं आणि दोन मिनिटांत भिंती दुधाळ झाल्या, वाचन वर वर चढत गेलं आणि आम्हाला वाटलं काय भारी प्रोलीन आलंय. टोल्यूइन ते प्लॅस्टिक विरघळवतं. सुरुवातीलाच विचारून घ्या, नसतील तर काचेच्या दोन मागवून घ्या.

हिशेब असा. शुद्ध प्रोलीनची स्टँडर्ड नळ्यांची रांगही याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायची आणि त्यावरून वक्र काढायचा. समजा तुमच्या नळीत ४८ मायक्रोग्रॅम आलं. प्रोलीनचं रेणूवजन ११५.१३, म्हणजे ०.४१७ मायक्रोमोल. तुम्ही १० मिलीतले २ मिली घेतले, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा पाचवा हिस्सा, ०.१ ग्रॅम पान. तर ग्रॅमला ४.२ मायक्रोमोल.

आणि आता तो आकडा वाचायचा, खरं काम इथे आहे.

पहिलं, हे ओल्या वजनावर आहे. मिठातल्या पानात पाणीच कमी असतं. समजा कंट्रोलच्या पानात १२ टक्के सुकं वजन आहे आणि मिठाच्या पानात १८ टक्के. कंट्रोलला ओल्या ग्रॅममागे १ मायक्रोमोल आणि मिठाला १.५ आलं तर रिपोर्टमध्ये दीडपट वाढ लिहाल, पण सुक्या वजनावर काढा, १ भागिले ०.१२ म्हणजे ८.३, आणि १.५ भागिले ०.१८ म्हणजेही ८.३. रोपाने एक कणही जास्त बनवलेलं नाही, फक्त पान सुकलं. म्हणून प्रत्येक डब्यातली दोन-तीन पानं ओव्हनमध्ये ७० डिग्रीला दोन दिवस सुकवून सुकं वजन घ्याच. हा एवढा खटाटोप न करता लिहिलेले रिपोर्ट बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण मुलांनी मेहनत तेवढीच केलेली असते.

दुसरं, ४.२ मायक्रोमोल म्हणजे किती हे डोक्यात बसवा. ग्रॅमभर पानात साधारण ०.८५ मिली पाणी, म्हणजे सगळीकडे सारखं पसरलं तर प्रोलीन ५ मिलिमोलर होतं. बाहेर मीठ १०० मिलिमोलर, त्याचे सोडियम आणि क्लोराइड दोन्ही धरायचे तर २०० च्या आसपास. म्हणजे पाणी खेचायच्या लढाईत हे चाळिसावा हिस्सासुद्धा नाही! पण मोठ्या पेशीत ९० टक्क्यांच्या आसपास जागा व्हॅक्युओलची, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीची असते, मीठ त्यात कोंडलं आणि प्रोलीन बाहेरच्या पातळशा थरात राहिलं, तर तिथे ते ५० मिलिमोलर होतं आणि मग त्याला वजन येतं. म्हणजे प्रोलीनचा उपयोग तेव्हाच जेव्हा रोप सोडियमला व्हॅक्युओलमध्ये बांधून ठेवू शकतं किंवा मुळातच वर येऊ देत नाही.

आणि म्हणूनच तिसरं, जे मी वर म्हटलं होतं. भातात आणि जवात अनेकदा नाजूक वाणातच प्रोलीन जास्त भरतं, कारण त्याच्या पानात सोडियम जास्त घुसलेला असतो आणि त्याची इजाच मोठी असते. ताप जास्त आला म्हणजे प्रकृती चांगली असं आपण म्हणतो का, तसंच. खाऱ्या जमिनीचे चांगले वाण सोडियम पानापर्यंत पोचूच देत नाहीत, भातात त्याला जबाबदार एक जीन पहिल्या क्रोमोसोमवर सापडलं, केरळच्या पोक्कालीत त्याच जागेवर मिठाला टिकायचा गुण आहे. अशा वाणाला प्रोलीन बनवायची एवढी गरजच पडत नाही. तेव्हा प्रोलीनच्या तक्त्याशेजारी आणखी तीन आकडे हवेतच, कोवळ्या पानातलं पोटॅशियम आणि सोडियम यांचं प्रमाण, जे फ्लेम फोटोमीटरवर निघतं आणि तो बऱ्याच कॉलेजांत असतो, मग रोपाचं सुकं वजन कंट्रोलच्या किती टक्के उरलं, आणि किती पानं मेली. प्रोलीन जास्त, सोडियम कमी आणि वजन टिकलेलं, तर म्हणा मदत झाली. प्रोलीन जास्त, सोडियमही जास्त आणि जुनी पानं वाळलेली, तर ती इजेची खूण.

बाकीची अमिनो ॲसिड बघायची असतील तर ८० टक्के इथेनॉलमध्ये वेगळा अर्क काढून तो एचपीएलसीला, म्हणजे एकेक अमिनो ॲसिड वेगळं करून मोजणाऱ्या यंत्राला द्यावा लागतो. देताना विचारा की डेरिव्हेटायझेशन (अमिनो ॲसिड यंत्राला दिसावीत म्हणून त्यांना रसायन जोडणं) कशाने करणार, कारण एकटं ओपीए हे रसायन वापरलं तर प्रोलीन दिसतच नाही, ते त्याच्याशी लागत नाही, त्याला एफएमओसी किंवा पीआयटीसी लागतं. कॉलमचे पैसे भरून रिपोर्टमध्ये प्रोलीन शून्य बघून रडायला आलेली मुलगी मी बघितलीय. आकडे हातात आले की एकेकटे वाचू नका. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन तिघं एकदम वाढलेत तर प्रोटीन तुटतंय. ॲस्परजिन चढलंय तर नायट्रोजन कोठीत जातोय, वाढीत नाही. ग्लुटामेट जवळपास तेवढंच आणि प्रोलीन-गाबा दोन्ही वर, तर ग्लुटामेटमधून जाणारा रस्ता चालू आहे, भरतंय तेवढं पुढे जातंय. आणि ग्लुटामेटच खाली आलं असेल तर नायट्रोजनची आवकच आटली का ते तपासा, नायट्रेट मोजा.

शेवटचा एक प्रयोग जो फार कमी जण करतात आणि जो मला सगळ्यात आवडतो. दोन डबे जास्तीचे लावा, आणि मिठात दहा दिवस झाल्यावर त्यांना परत गोड्या द्रावणात ठेवा. २४ तासांनी आणि ४८ तासांनी मोजा. जे रोप अजून जिवंत धडपडतंय त्यात प्रोलीन मोडणारा एंझाइम परत जागा होतो, साठवलेलं प्रोलीन मोडून त्यातली ऊर्जा आणि नायट्रोजन परत वाढीला लागतो, आणि आकडा भराभर उतरतो. जे आतून संपलंय त्यात तो तसाच अडकून राहतो. खारेपाटात मामा जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडून ठेवतो, खार त्यात उतरला की ओहोटीला उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) उघडून खाडीत सोडतो, असं दोन-तीनदा झाल्याशिवाय आवण (भाताची रोपं) लावत नाही. तुमच्या त्या दोन डब्यांत नेमकं हेच होतंय, फरक एवढाच की तुमच्याकडे ते ५२० नॅनोमीटरला दिसतं.